कणकुंबीचे पाणी आणि दोन समुद्र

कणकुंबीत पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, चोर्ला घाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर हे गाव आहे. इथे मलप्रभेचा उगम आहे, आणि याच परिसरातून कळसा नाला निघतो. मलप्रभा पूर्वेची वाट धरते, खानापूर आणि सौंदत्ती ओलांडून कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर आंध्रातल्या हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात पोचते. कळसा पश्चिमेला उतरून म्हादईत जातो. म्हादईची पुढे मांडवी होते आणि ती पणजीला अरबी समुद्रात शिरते. कणकुंबीहून पणजी सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर आहे. पूर्वेच्या समुद्राला जायचे तर पाण्याला अख्खे दख्खन ओलांडावे लागते.

बेळगाव-निपाणी पट्ट्यातले बहुतेक पाणी हीच लांबची वाट चालते. निपाणीजवळ यमगर्णीच्या पुलाखालून जाणारी वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. हिरण्यकेशी उगम पावते आंबोलीला, म्हणजे जवळजवळ कोकणाच्या कड्यावरच. पण तीही आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेकडे जाते आणि शेवटी कृष्णेतच. सीमाभागातल्या माणसाला समुद्र म्हटले की पश्चिमच दिसते. बांगडा आणि तारली तिकडून येतात, पाऊस तिकडून येतो, सुट्टीतली गाडीही चोर्ला नाहीतर आंबोली उतरते. त्याच्या नदीला मात्र दुसराच समुद्र मिळालेला आहे.

एका डोंगरमाथ्यावर वेगळे झालेले हे दोन प्रवाह पुन्हा कधी भेटतात का? समुद्रविज्ञानाचे उत्तर असे आहे की भेटू शकतात, आणि तेही गोव्याच्या समोरच्या पाण्यात. हे उत्तर सहज मिळालेले नाही. त्यासाठी आधी एक विचित्र कोडे सुटावे लागले, आणि ते सुटायला विसावे शतक संपत आले.

वाऱ्याविरुद्ध जाणारे पाणी

रेल्वे येण्याआधी बेळगावची छावणी आणि पेठ यांचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला. बंदरावर उतरलेला माल आंबोलीच्या घाटातून बैलगाड्यांनी वर येई. पावसाळ्याच्या तोंडावर बंदर बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर हळूहळू उघडे. १८८०च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत लोहमार्ग आला, बेळगाव त्याला जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. पण तोवर या किनाऱ्यावर जहाजे हाकणाऱ्या सगळ्यांनाच एक गोष्ट ठाऊक झालेली होती: वारा आणि पाणी या दोन वेगळ्या चिजा आहेत, त्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो.

कप्तान हा हिशेब असा ठेवत. जहाजाची दिशा आणि वेग यांवरून आज दुपारी आपण कुठे असायला हवे, ते आधी काढायचे. मग सूर्य किंवा तारे पाहून आपण खरोखर कुठे आहोत, ते ठरवायचे. दोन जागांत जो फरक पडेल, तो मुख्यतः प्रवाहाने वाहवत नेल्याचा. अशा हजारो नोंदी गोळा केल्या तर समुद्राचा नकाशा तयार होतो, हे अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरी याने १८४०च्या दशकात दाखवून दिले. पुढच्या शंभर वर्षांत ब्रिटिश आणि डच वेधशाळांनी हिंदी महासागराचे असे महिनावार नकाशे काढले.

त्या नकाशांत भारताचा पश्चिम किनारा चमत्कारिक दिसतो. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचे पाणी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. ते समजण्यासारखे आहे, कारण किनाऱ्यालगत वाऱ्याचा रोखही साधारण तसाच असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मात्र पाणी उलटे फिरते आणि केरळकडून गोवा, कोकण, गुजरात असे उत्तरेला जाऊ लागते. वारा काही उलटा फिरलेला नसतो. किनाऱ्यावर तो बहुतांशी उत्तरेकडूनच येत असतो. म्हणजे हिवाळाभर शेकडो किलोमीटर लांबीचा प्रवाह वाऱ्याच्या तोंडावर चालून जातो. त्याला ढकलते कोण?

बाटल्या, तारा आणि एक युद्धनौका

वाहवत गेलेल्या जहाजांच्या नोंदी समुद्राची फक्त कातडी दाखवतात. आत काय चालले आहे ते कळायला खोल पाण्याचे तापमान आणि खारेपणा मोजावा लागतो. त्यासाठी जहाज थांबवून एक लांब तार खाली सोडत. तारेवर ठरावीक अंतराने धातूच्या बाटल्या बसवलेल्या असत. वरून एक वजन तारेवर घसरत सोडले की पहिली बाटली उलटून बंद होई आणि तिच्याकडचे वजन सुटून दुसरीकडे जाई. बाटली उलटताच तिला जोडलेल्या तापमापकातला पाराही त्या खोलीचे तापमान धरून तुटे. एका ठिकाणचे असे मोजमाप व्हायला तास तास लागत.

पाण्याचा वेग न मोजता प्रवाह काढायची युक्ती या आकड्यांतच आहे. गरम आणि गोडसर पाणी हलके, थंड आणि खारे पाणी जड. हलक्या पाण्याचा भाग शेजाऱ्यापेक्षा किंचित उंच उभा राहतो. पाणी त्या उतारावरून घरंगळू पाहते. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळते आणि उतारावरून खाली न जाता उताराला समांतर वाहू लागते. म्हणून तापमान आणि खारेपणाचा उभा छेद मिळाला की कोणत्या खोलीवर पाणी कुठे आणि किती जोराने चालले आहे, याचा हिशेब मांडता येतो. पृष्ठभागाचा हा उंचसखलपणा असतो काही सेंटिमीटरांचा, फार तर काही डेसिमीटरांचा, आणि पसरलेला असतो शंभर-दोनशे किलोमीटरांवर.

हिंदी महासागरात अशी मोजणी तुरळकच झाली होती. भारताच्या सागरी सर्वेक्षणात पूर्वी काम केलेले सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली १९३३-३४ साली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्र पिंजून काढला. १९५०च्या दशकात यूजीन लाफाँड हे अमेरिकन संशोधक विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेअरला आंध्र विद्यापीठात आले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन बंगालच्या उपसागरात उतरले. मग १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. डझनाहून अधिक देशांची चाळीसेक जहाजे तिच्यात होती. भारताने नौदलाची ‘आयएनएस किस्तना’ दिली. कृष्णेचे नाव धारण करणाऱ्या या युद्धनौकेच्या डेकवर दुसऱ्या महायुद्धानंतर बाटल्या आणि जाळी आली.

मोहिमेतल्या सगळ्या आकड्यांचा नकाशासंग्रह क्लाऊस व्हिर्टकी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. भारतीय कार्यक्रमाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. संस्थेची सुरुवात दिल्लीत झाली. पुढे मुख्यालय गोव्याला आले आणि दोनापावलाच्या टेकडीवर स्थिरावले. खालीच झुआरी आणि मांडवी समुद्राला मिळतात. खानापूरच्या जंगलातून निघालेले पाणी रोज त्या टेकडीसमोरून जाते.

कोडे सुटले ते दुसऱ्या किनाऱ्यावर

संस्थेला स्वतःचे पहिले मोठे जहाज १९७६ साली मिळाले. ‘गवेषणी’ मुळात गाळ वाहून नेणारी बार्ज होती. कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये तिचे संशोधननौकेत रूपांतर झाले. १९८३ साली जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ आली. आता एका ऋतूत किनाऱ्याचा मोठा पट्टा सलग मोजता येऊ लागला.

संस्थेतले सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच केले. १९८७च्या पावसाळ्यात आणि लगेच त्यानंतरच्या हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याला काटकोनात ओळीओळीने मोजणी झाली. पावसाळ्याच्या छेदात दक्षिणेला जाणारा उथळ प्रवाह दिसला आणि त्याच्याखाली, खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या) उताराला चिकटून, उलट्या दिशेने म्हणजे उत्तरेला जाणारा दुसरा प्रवाह. हिवाळ्याच्या छेदात उत्तरेला जाणारा प्रवाह सापडला: दक्षिणेला रुंद आणि उथळ, उत्तरेला अरुंद आणि खोल. केरळच्या बाजूला त्यात कमी खारे पाणी होते. हिवाळ्यात अरबी समुद्रावर पाऊस जवळजवळ नसतो आणि बाष्पीभवन जोरात असते. तरीही ते पाणी कमी खारे होते, म्हणजे ते अरबी समुद्राचे नव्हतेच.

कमी खारे पाणी असते बंगालच्या उपसागरात. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा आणि वर भरपूर पाऊस, हे सगळे त्याच खोऱ्यात जाते. शेट्ये यांच्या गटाने मग पूर्व किनारा मोजायला घेतला. १९९१च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथला प्रवाह उत्तरेला जाताना मिळाला; त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो दक्षिणेला चाललेला होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर हा पूर्व किनारी प्रवाह गोडसर पाणी घेऊन आंध्र आणि तमिळनाडूवरून खाली उतरतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि अरबी समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात येतो.

पाण्याचा माग लागला, पण ढकलणारा कोण हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर १९९०च्या दशकात संगणकी प्रतिमानांनी दिले. जूलियन मॅक्क्रिअरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हिंदी महासागराचे असे एक प्रतिमान प्रसिद्ध केले, ज्यात कोणत्या भागातला वारा चालू ठेवायचा आणि कोणता बंद करायचा हे संशोधकाच्या हातात होते. समुद्रात असा प्रयोग करता येत नाही. संगणकात करता येतो. त्यात दिसले की पश्चिम किनाऱ्यावरचा वारा बंद केला तरी तिथला हिवाळी प्रवाह बराचसा शिल्लक राहतो. बंगालच्या उपसागराच्या कडेचा वारा काढून टाकला की त्याचा जोर जातो.

मधला दुवा होता किनारी केल्विन लाट. ही डोळ्यांना दिसणारी लाट नव्हे. तिच्यात पृष्ठभाग काही सेंटिमीटर हलतो. खाली, गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर मात्र दहा-वीस मीटरांची चढउतार होते. उत्तर गोलार्धात ही लाट किनारा उजव्या हाताला ठेवूनच चालते, त्यामुळे तिची दिशा ठरलेली असते: बंगालच्या उपसागराला घड्याळाच्या उलट्या दिशेने फेरी, पूर्व किनाऱ्याने खाली, श्रीलंकेला वळसा आणि पश्चिम किनाऱ्याने वर. वेग सेकंदाला दोनेक मीटर, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. आंध्रच्या किनाऱ्यावर वारा फिरला की त्याची खबर दोन-तीन आठवड्यांत गोव्याला पोचते. पाणी स्वतः महिन्यांनी येते. आधी येतो तो दाब.

साखळी आणखी मागे जाते. विषुववृत्तावर वर्षातून दोनदा, दोन मोसमांच्या मधल्या काळात, पूर्वेकडे धावणारा एक अरुंद जोरकस प्रवाह उठतो. व्हिर्टकी यांनी तो १९७३ साली ओळखला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तो सुमात्राला धडकला की त्याचा धक्का किनाऱ्याने वर सरकून अंदमान आणि बंगालच्या उपसागराच्या कडेला लागतो, आणि तिथून पुढची वाट वर सांगितलेलीच. म्हणजे वेंगुर्ल्यासमोर जानेवारीत पाणी उत्तरेला का जाते, याचे उत्तर शोधायला सुमात्रापर्यंत जावे लागते.

लक्षद्वीपचा भोवरा

केल्विन लाट कन्याकुमारी ओलांडून वर येते तेव्हा सगळी ताकद किनाऱ्यावर ठेवत नाही. काही भाग ती पश्चिमेला, खुल्या समुद्राकडे सोडून देते. त्यातून लक्षद्वीपच्या परिसरात हिवाळ्यात शेकडो किलोमीटर व्यासाचा एक भोवरा तयार होतो. त्याच्या मध्यावर समुद्राची पातळी आसपासपेक्षा उंच असते आणि पाणी भोवती घड्याळाच्या दिशेने फिरते. पावसाळ्यात त्याच जागी पातळी खाली जाते आणि फिरणे उलटे होते. डी. शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ साली या उंचवट्याची आणि खोलगटाची कारणमीमांसा मांडली.

असा भोवरा एखाद्या जहाजावरून दिसणे अवघड. जहाज एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाईपर्यंत तो सरकलेला असतो. सोमालियासमोरचा ‘ग्रेट व्हर्ल’ खलाशांना एकोणिसाव्या शतकातच माहीत झाला, कारण तिथले पाणी जहाजाला उचलून नेण्याइतके जोरात फिरते. लक्षद्वीपचा भोवरा मवाळ आहे. तो नीट दिसू लागला तो उपग्रहांमुळे. १९९२ साली ‘टोपेक्स-पोसायडन’ उपग्रह गेला. रडारचा स्पंद खाली सोडून तो परत यायला लागणाऱ्या वेळावरून त्याने समुद्राची उंची काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजायला सुरुवात केली. २०१३ साली श्रीहरिकोट्याहून गेलेला भारत आणि फ्रान्सचा ‘सरल’ याच कामाचा. उपग्रह पाण्याच्या आत पाहू शकत नाही. ती उणीव आर्गो तरंगक भरून काढतात: हे दोन हजार मीटरांपर्यंत बुडी मारून साधारण दहा दिवसांनी वर येतात आणि वाटेतले तापमान व खारेपणा उपग्रहाला कळवतात. भारतात त्यांचे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते.

हा भोवरा पावसाळ्याशीही जोडलेला आहे. हिवाळ्यात आलेले बंगालच्या उपसागराचे हलके पाणी लक्षद्वीपच्या समुद्रावर पातळ थर करून राहते. उन्हाची उष्णता त्याच थरात साठते, खाली फारशी मिसळत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये, मोसमी पाऊस केरळला लागण्याच्या आधी, इथला समुद्र जगातल्या सर्वांत गरम समुद्रांपैकी एक असतो. एस. एस. सी. शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी १९९९ साली या उष्ण पाण्याची अशी संगती लावली.

समुद्राच्या पोटातल्या लाटा

हलका थर वर आणि जड थर खाली असला की दोहोंच्या सीमेवरही लाटा उठतात. दोन थरांच्या घनतेत फरक थोडा असल्यामुळे सीमेवरचे पाणी उचलायला जोर कमी लागतो. त्यामुळे या अंतर्गत लाटा पृष्ठभागावरच्या लाटांपेक्षा कितीतरी उंच आणि संथ असतात. ध्रुवसंशोधक नान्सेन याचे ‘फ्राम’ जहाज १८९३ साली ध्रुवीय समुद्रात एकाएकी रेंगाळू लागले. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरले होते आणि जहाजाची ताकद त्या दोहोंच्या सीमेवर लाटा उठवण्यात खर्च होत होती. हा उलगडा व्हाग्न एकमान याने १९०४ साली केला.

उष्ण कटिबंधातले सर्वांत नावाजलेले उदाहरण आपल्याच अंदमान समुद्रातले आहे. तिथे खवळलेल्या पाण्याचे लांबच लांब पट्टे सरळ रेषेत सरकताना खलाशांनी पाहिले होते. १९७०च्या दशकात तेलासाठी खोदणाऱ्या जहाजावरून मोजणी झाली आणि ऑस्बोर्न व बर्च यांनी १९८० साली ते प्रसिद्ध केले: पट्ट्याखाली थरांची सीमा साठेक मीटर खाली-वर होत होती. बंगालच्या उपसागरात लाफाँड यांनीही तेलकट दिसणाऱ्या गुळगुळीत पट्ट्यांवरून आतल्या लाटांचा माग काढला होता.

गोव्यासमोरही भरती-ओहोटी दिवसातून दोनदा खंडमंचाच्या कडेवरून जाते आणि तिथले थर वर-खाली करते. खोलवरचे पोषक द्रव्य यामुळे थोडे वर ढवळले जाते. थर हलले की ध्वनीची वाट वाकते, म्हणून पाणबुड्या शोधणाऱ्या नौदलाला या लाटांची खबर हवी असते. संशोधक एका तारेवर वेगवेगळ्या खोलीवर तापमापक टांगतात आणि मिनिटामिनिटाला नोंद घेतात. दिवसभर जहाजातून दोन-चार वेळा मोजून भागत नाही. लाट मधेच येऊन निघून जाते.

टांगून ठेवलेले कान

जहाज परत येते, समुद्र चालूच राहतो. ही अडचण ओळखून दोनापावलाच्या संस्थेने २००० नंतरच्या दशकात दोन्ही किनाऱ्यांच्या उतारांवर मूरिंग लावायला सुरुवात केली. सुमारे एक हजार मीटर खोल पाण्यात तळाला जड नांगर, वर ताणलेली तार आणि पृष्ठभागाच्या शंभर-दोनशे मीटर खाली गोळ्यात बसवलेले एडीसीपी हे ध्वनियंत्र. यंत्र वर ध्वनी फेकते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवरून तो परत येतो आणि त्याच्या स्वरात पडलेल्या फरकावरून प्रत्येक थराचा वेग कळतो. साधारण वर्षाने जहाज जाऊन ध्वनिसंकेत देते, नांगराची कडी सुटते, गोळा वर येतो. याच प्रतिध्वनीतून प्राणिप्लवकांचे जिणेही कळते: दिवसा खोल जाणारे आणि रात्री वर येणारे हे जीव त्यात उमटतात.

गोव्याच्या मूरिंगने पहिल्या वर्षांतच एक समजूत मोडली. ऋतुमानाप्रमाणे सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे असा प्रवाह वाहील, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो दोन-तीन महिन्यांच्या फेऱ्यांनी वारंवार दिशा बदलत होता, आणि हे चढउतार ऋतूच्या फरकाइतके, कधी त्याहून मोठे होते. जेरोम व्हियालार, शेणॉय, मॅक्क्रिअरी, शंकर, शेट्ये आदींनी २००९ साली त्याचे मूळ दाखवले: विषुववृत्तावरून पूर्वेला सरकत जाणाऱ्या ढगांच्या आणि वाऱ्याच्या मोठ्या टापूंमुळे समुद्राला धक्के बसतात आणि ते धक्के त्याच किनारी वाटेने गोव्याला येतात. स्थानिक वाऱ्याचा वाटा होता, पण कारभार दूरच्यांच्या हातात होता.

मांडवीच्या मुखाशी

आता पश्चिमेला उतरलेल्या पाण्याकडे येऊ. १९९३च्या मार्च-एप्रिलमध्ये मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांच्या काठी पातळी मोजायच्या काठ्या रोवल्या गेल्या आणि महिनाभर रात्रंदिवस भरती-ओहोटी टिपली गेली. मांडवीत भरतीचा चढ मुखापासून चाळीसेक किलोमीटरपर्यंत जवळजवळ तसाच राहतो आणि पुढच्या दहा किलोमीटरांत मावळतो. मे महिन्यात खारे पाणी आत खूप दूरवर येते. जूनमध्ये घाटात पाऊस सुरू झाला की नदी त्याला बाहेर लोटते आणि काही दिवसांतच खाडी जवळजवळ गोडी होते. वर्षभरात येणारे पुराचे पाणी खाडीत मावणाऱ्या पाण्याच्या कित्येक पट असते. युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतल्या खाड्या वर्षभर थोड्याफार एकसारख्या असतात. या खाड्या मोसमी आहेत, त्यांना स्थिर असे रूपच नाही, अशी मांडणी इथल्या संशोधकांनी केली.

बाहेर पडलेले गोडे पाणी पाच-दहा मीटर जाडीचा थर करून किनाऱ्यालगत पसरते. त्याच सुमारास खालून थंड, पोषक आणि आधीच प्राणवायू कमी असलेले पाणी खंडमंचावर चढत असते. या पाण्याला वर येऊन हवा घ्यायची असते, पण वर दुधावरच्या सायीसारखा गोडा थर बसलेला असतो. पोषणामुळे प्लवक माजतात, मरून तळाशी कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही संपवतात. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हे सविस्तर मांडले. कांदोळीसमोर १९९७पासून नियमित मोजणी चालू आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा प्राणवायू कमी असलेला पट्टा सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरांचा, जगातल्या उथळ समुद्रांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. तळाची मासळी त्यातून पळते किंवा मरते.

म्हणजे खानापूरच्या जंगलातल्या पावसाचा गोव्याच्या समुद्रात हात आहे, चांगल्या आणि वाईट दोन्ही अर्थांनी. पूर्वेला गेलेल्या पाण्याचीही वाट आता माहीत झाली आहे. कृष्णेचे पाणी हंसलदीवीहून निघाले तर हिवाळी प्रवाहाबरोबर श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्याने गोव्याच्या अक्षांशापर्यंत येऊ शकते. गंगा-ब्रह्मपुत्रेपुढे कृष्णेचा वाटा लहान. त्यातही आलमट्टी, नागार्जुनसागर आणि त्यांच्यासारख्या धरणांमुळे अलीकडे पुराची वर्षे सोडली तर कृष्णा समुद्राला फार थोडे पाणी देते.

‘वाया जाणारे’ पाणी

नदीचे पाणी समुद्रात वाया जाते, हे वाक्य म्हादईचे पाणी मलप्रभेत वळवण्याच्या वादात बेळगाव-धारवाडकडे वर्षानुवर्षे ऐकू येते. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे, मलप्रभेचे आटलेले पात्रही खरे आहे. म्हादईच्या सुमारे २,०३२ चौरस किलोमीटर पाणलोटापैकी ३७५ चौरस किलोमीटर कर्नाटकात आहे, त्यामुळे हक्काची मागणीही निराधार नाही. २०१० साली नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. खोऱ्यात १८८.०६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरले आणि कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. त्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवायचे आहे. कणकुंबीला निसर्गाने जो पाणलोट आखला, तो कालव्याने थोडा सरकवायचा, असा याचा भूगोलातला अर्थ. अरबी समुद्राचे पाणी बंगालच्या उपसागराच्या खात्यावर जाईल.

३.९ टीएमसी म्हणजे खोऱ्याच्या पाण्याचा सुमारे दोन टक्के. खुल्या समुद्राच्या मानाने हा आकडा नगण्य आहे, आणि या कालव्याने लक्षद्वीपचा भोवरा बिघडेल असे कोणी म्हणू नये. खाडीचा हिशेब निराळा. तिथे वर्षाच्या बेरजेपेक्षा महिना महत्त्वाचा: जुलैत वळवलेले पाणी आणि पावसाळा ओसरताना वळवलेले पाणी यांचा खारेपणावर, मासळीवर आणि काठच्या खाजण शेतीवर होणारा परिणाम सारखा नसतो. पण ‘वाया जाते’ असे म्हटले की ही चौकशीच संपते. साठ वर्षांच्या मोजणीने दाखवले आहे की समुद्राला मिळालेले पाणी तिथेही कामाला लागते. ते थर करते, लाटांचा वेग बदलते, उष्णता धरते, तळाची हवा अडवते आणि प्रवाहाबरोबर देश ओलांडते. लवादापुढे तीन राज्ये पक्षकार होती, समुद्र नव्हता. त्याच्या बाजूचे आकडे मात्र दोनापावलाला वर्षानुवर्षे जमा होत आले आहेत. म्हादईवर पुढचा निर्णय जो कोणी घेईल, त्याला ‘किती टीएमसी’बरोबर ‘कोणत्या महिन्यात’ आणि ‘कोणत्या समुद्राचे’ हेही विचारावे लागेल, आणि हे विचारण्याइतकी माहिती आता हाताशी आहे.